नवसाचं पाणी

सांगलीच्या विश्रामबागेतून संयोगिता माण तालुक्यातल्या आपल्या गावी आली, ती जत्रेचं बोलावणं आलं म्हणून. निरोप चुलतभावाचा, अमृतचा. गावाला आपल्या पुस्तकाचं कौतुक वाटलं असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. कौतुकाच्या आशेनं लेखक कुठंही आपल्या पायांनी चालत जातो.

देवळापुढं तिची पुस्तकं सुतळीनं आवळून बोकड कापायच्या ठोकळ्यावर ठेवली होती. पहिली थप्पड अमृतनंच मारली. मग कुणी केस धरले, कुणी पाठीत लाथ घातली. उजव्या हातावर दगड पडला, तेव्हा बोटं मोडल्याचा आवाज तिला आधी आला. कळ मागून आली.

पुस्तकात तिनं एवढंच लिहिलं होतं, की नवसाच्या बोकडावर पाणी ओततात, तो अंग झाडतो, आणि लोक म्हणतात देवानं कौल दिला, काप. झाडतो तो पाण्यानं. देवाबिवावर माझा विश्वास नाही.

"खोटं लिवलं म्हण," अमृतनं कोयता उचलला. "म्हण, आन् जा सांगलीला."

ती रक्त थुंकली. "न्हाई म्हणणार."

मग देवालाच विचारायचं ठरलं. कळशीभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. उन्हानं तापलेली ती तशीच उभी राहिली. कौल बघायचा मान बनुबाईचा. ती अमृतची आई, संयोगिताची चुलती. अंग न झाडणारं जनावर देवाला नको असतं, ते सोडून देतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"झाडलं न्हाई," बनुबाई घाईनं म्हणाली. "द्येवाला नको ही. सोडा."

धरलेले हात सैल झाले. बनुबाईचे डोळे विनवत होते, हलू नकोस गं बाई. सुटका आयती समोर होती. जाताना फक्त देवाचा कौल खरा मानून आपल्याच पुस्तकावर पाय द्यायचा होता.

संयोगितानं चुलतीकडं मायेनं पाहिलं आणि बोकडासारखं सगळं अंग झाडलं. थेंब अमृतच्या तोंडावर उडाले.

"झाला कौल," ती म्हणाली. "तुझा इस्वास हाय न्हवं? मग काप."

अमृतनं कोयता वर नेला. बनुबाईनं डोळे मिटले. घाव खाली आला तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर. पातं निम्म्यात रुतलं. पाय देऊन तो ओढत राहिला, ते निघेना, आणि माणसं एकेक करून आपापली पायताणं शोधायला लागली.

बनुबाईनं पदर फाडला आणि मोडक्या बोटांना बांधायला घेतला. गाठ काही बसेना. तिच्या अंगावर कुणी पाणी ओतलं नव्हतं, तरी ती सगळी थरथरत होती.