तेलाचं झाकण

माझ्या मुलाला गाडी येते, म्हणजे फक्त स्टिअरिंग फिरवता येतं. बॉनेटखाली काय असतं ते त्याला ठाऊक नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. मी नागपूरच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होतो. ही गेल्यावर सुशांतने मला बंगळुरात आणलं आणि सर्जापूर रोडवरच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर नेऊन बसवलं. इथे मला बोलायला तीनच माणसं आहेत. सुशांत, सून आर्या, आणि खाली गाड्या धुणारा गुंडो. गुंडो पन्नाशीचा, खानापूरकडचा. त्याला मराठी येतं, म्हणून रोज सकाळी मी तासभर खाली त्याच्याजवळ उभा राहतो.

रविवारी सकाळी आर्या चहा पिताना म्हणाली, "बाबा, काल ब्रेक मारला तेव्हा समोर एक लाल दिवा लागला आणि लगेच विझला. किटलीसारखं चित्र होतं, खाली थेंब."

मी काही बोलायच्या आत सुशांत लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "सेन्सरचा इश्यू असेल. इग्नोर कर."

माझं टाळकंच सरकलं. इग्नोर कर! लाल किटली म्हणजे तेलाचा दाब गेला. तेल फिरत नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं आणि पाच मिनिटांत इंजिन जाम होतं. ब्रेक मारल्यावर दिवा लागून विझला, म्हणजे तेल इतकं कमी झालंय की गाडी पुढे झुकली की पंपाला मिळत नाही. हे मी मोठ्याने सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने. सुशांतने कानात ती इअरफोनची पांढरी बोंडं घातली. आर्या मात्र उठली आणि म्हणाली, "मला दाखवा ना."

मी खुंटीवरचा खाकी शर्ट चढवला. डेपोचा आहे, तेलाचं काम मी त्याच शर्टात करतो. बेसमेंटमध्ये गाडी उतारावर लावलेली होती, ती आधी सपाट जागेवर घ्यायला लावली. उतारावर मोजलं की तेल मोजायची पट्टी खोटं बोलते. मग इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो, वर चढलेलं तेल खाली उतरू दिलं. आर्याने स्वतः पट्टी ओढली, पुसली, पूर्ण आत घातली, पुन्हा काढली. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. इथे ते खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"पिवळा दिवा लागला तर गॅरेजला फोन कर," मी तिला सांगितलं. "लाल किटली लागली तर कोणालाच फोन करायचा नाही. आधी गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर. मग फोन. समजून राहिली ना?"

"समजलं, बाबा."

तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती बोलत बोलत लिफ्टकडे गेली. मी तेलाचा डबा घेतला आणि इंजिनवरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं. ते चिंधीत गुंडाळून शर्टाच्या खालच्या खिशात टाकलं. हा माझा नियम. झाकण कधी बॅटरीवर ठेवायचं नाही, बॉनेटच्या कडेला ठेवायचं नाही. खिशात ठेवायचं, म्हणजे खिसा जड लागतो आणि माणूस विसरत नाही. डेपोत हा नियम मी घातला होता. जो विसरला त्याला मी सगळ्यांसमोर झाडला होता.

अर्धा डबा ओतून होतो न होतो तोच सुशांत फोन नाचवत खाली आला. कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला होता. बेसमेंटमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे, हा म्हातारा कोण, असं काहीतरी खाली लिहिलेलं.

"बाबा, किती एम्बॅरसिंग आहे हे! सर्व्हिस सेंटर असतं ना त्यासाठी!"

"तुझ्या बायकोची गाडी रस्त्यात बंद पडली असती!"

"पण पडली नाही ना? प्लीज, माझ्या गाडीला हात लावू नका."

माझ्या गाडीला. ज्याला मी नटबोल्ट मोजत मोजत आकडे शिकवले, तो मला हे सांगत होता. मी पट्टी आत खुपसली, बॉनेट धाडकन आपटलं, डबा उचलला आणि वर आलो. शर्ट बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवला आणि दोन दिवस सुशांतशी एक शब्द बोललो नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊला आर्याचा फोन आला. सुशांत घरूनच काम करत होता, त्याने फोन स्पीकरवर टाकला. ती इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ सर्व्हिस रोडला होती. लाल किटली लागली होती, आणि या वेळी विझली नव्हती.

"दोनच किलोमीटर राहिलंय ना? हळूहळू ने," सुशांत म्हणाला.

मी फोन हिसकावला. "चावीला हात लावू नको!"

"बंद केली, बाबा. दिवा लागल्या लागल्याच केली. खूप जळका वास येतोय."

तिने बॉनेट उघडून व्हिडिओ दाखवला. इंजिन, बॅटरी, वायरी, सगळ्यावर काळं तेल उडालेलं. झाकणाच्या जागी नुसतं भोक होतं.

सुशांतने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, रविवारी तुम्ही..."

"काय मी?" मी असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. "चौतीस वर्षं! एक झाकण विसरलो नाही मी! झाकण माझ्या खिशात राहते, खिशात! तू मला शिकवून राहिला?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी, बाबा. तेलाचंही तुमचंच बरोबर होतं." खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

"मग झाकण गेलं कुठे?" त्याने विचारलं.

आणि मीच म्हणालो, "सोमवारी चावी कोणाकडे होती?"

सोमवारी गुंडो गाडी आतून पुसतो, म्हणून चावी त्याच्याकडे असते. सुशांतने तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं की गुंडोने बॉनेट उघडून झाकण चोरलं आणि त्यामुळे आर्याचा जीव धोक्यात आला. दहा मिनिटांत सोसायटीचा मॅनेजर विनोदकुमार याने गेटवरच गुंडोचा पास काढून घेतला आणि त्याला आमच्याकडे वर पाठवलं. पास नाही म्हणजे या इमारतीतल्या त्याच्या सगळ्याच गाड्या गेल्या.

गुंडो दारात उभा राहिला. हाताला साबण तसाच होता.

"अण्णा, बॉनेट कसं उघडतात ते पण मला येत नाही. मी सीट पुसली, मॅट झाडल्या, चावी आर्या अक्कांना दिली."

"मग झाकणाला काय पंख फुटले?" मी म्हणालो. रोज ज्याच्याजवळ तासभर उभा राहायचो त्याला मी हे म्हणालो. "रोज अण्णा अण्णा करतो, आणि हे?"

सुशांत विनोदकुमारला फोनवर सांगत होता, आजूबाजूच्या सोसायट्यांनाही कळवा. मी म्हटलं, आपण गाडीजवळ जाऊन बघू, सुनेला एकटीला तिथे ठेवायचं नाही. शर्ट घ्यायला बाल्कनीत गेलो.

शर्ट खिळ्यावर एका बाजूला कलला होता.

मी खिशाला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. तरी मग लावला. चिंधी, आणि चिंधीत झाकण. त्या क्षणी मला माझा इतका राग आला की वाटलं तो शर्ट टराटरा फाडावा. मी विसरलो होतो. नियम माझा, खिसा माझा, आणि शर्ट उतरवताना डोक्यात फक्त पोराला कसं उत्तर द्यायचं ते होतं.

शर्ट चढवून बाहेर आलो आणि झाकण सुशांतच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. त्याने फोन कापला. झाकणाकडे पाहिलं, मग दारातल्या गुंडोकडे, आणि पुटपुटला, "बाबा, आत ठेवा ते. मी लिहितो, कॅप मिळाली, मिसअंडरस्टँडिंग होतं. त्याला पास परत मिळेल. विषय संपला."

"कुठे मिळाली?"

"तेवढं डिटेल कशाला?"

"माझ्या खिशात मिळाली, हे लिही. माझं नाव लिही, फ्लॅट नंबर लिही. रविवारी म्हातारा कोण म्हणून विचारत होते ना? आता सांग त्यांना."

सुशांतचा चेहरा लाल झाला, पण त्याने लिहिलं. मी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला आणि मगच पाठवू दिलं. सुशांतला टॅक्सीने आर्याकडे धाडलं. मग गुंडोला म्हणालो, "झालं. चुकलो मी."

तो हलला नाही. अकरा महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं.

"तो ग्रुप साहेबलोकांचा, अण्णा. मी त्यात नाही, वॉचमन नाही. माझा पास गेटवर काढला, सगळ्या गाड्या धुणाऱ्यांसमोर. कळ्ळा म्हणाले मला. कळ्ळा म्हणजे चोर."

"मग काय करू?"

"खाली चला."

लिफ्टमध्ये मी विचारलं की तिथे काय बोलायचं. मला कन्नड येत नाही. शिक म्हणून आर्या मागे लागली होती, तेव्हा गरज नाही म्हणून मी ते उडवून लावलं होतं.

"तप्पु नंदु," गुंडो म्हणाला. "चूक माझी."

गेटवर दोन वॉचमन आणि बादल्या घेतलेले पाच-सहा जण होते. मी खाकी शर्टात, हातात झाकण धरून त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "तप्पु नंदु." ते मलाच ऐकू आलं असेल तेवढंच. कोणी वर पाहिलं नाही.

"जोरात, अण्णा," गुंडो म्हणाला. "मघाशी माझ्यावर ओरडलात तेवढ्याने."

मी झाकण वर धरलं आणि तेवढ्याच जोराने पुन्हा म्हणालो.