एक पोर्ट, तीन प्लेअर

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझे चित्र गेले. पाठोपाठ आवाज गेला. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली आणि थोड्या वेळाने मी आपोआप बंद झालो. त्या वेळी खोलीत पाच माणसे होती. तिघे एकाच वेळी बोलत होते, चौथी दारात उभी होती. पाचव्याला बोलता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. त्या रविवारी काय झाले हे चौघे चार तऱ्हांनी सांगतात. मी तेव्हा भिंतीवर टांगलेला होतो, मला सगळी खोली दिसत होती, म्हणून घडले तसे सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. पट्ट्याच्या शेवटी एक तपासनीस बाई बसायच्या. त्यांनी माझ्यावर आधी लाल, मग हिरवा, मग निळा रंग लावून पाहिला, पाठीमागच्या दोन्ही पोर्टांत तार खोचून पाहिली आणि मला पुढे ढकलले. पोर्ट म्हणजे तार खोचायची खोबण. बाहेरचे चित्र तिथून माझ्यात येते. एवढे लक्षात ठेवा, कारण सगळे रामायण त्या खोबणीवरून झाले आहे.

दुकानात आम्ही ओळीने उभे होतो आणि सगळ्यांवर एकच धबधबा चालू होता. एक गृहस्थ हातात मोजपट्टी घेऊन आले. विक्रेता रंगांविषयी भरभरून बोलत होता. ते म्हणाले, "दुकानात सगळेच गोरेगोमटे दिसतात हो. वजन किती ते सांगा, भिंत माझी जुनी आहे."

विक्रेत्याला वजन ठाऊक नव्हते. त्यांनी मला दोन्ही हातांनी जरासे उचलून पाहिले आणि म्हणाले, "पेलेल."

घरात त्यांना सगळे बाबा म्हणतात, मीही म्हणतो. बाबा गोदीत क्रेन चालवायचे. पेट्या, यंत्रे, एकदा तर अख्खी आगबोटीची चिमणी त्यांनी हवेतून नेऊन जागेवर बसवली होती. त्यांचे सोबती घरी येत तेव्हा सांगत, हा माणूस कंटेनर असा ठेवतो की खाली अंडे असले तरी फुटायचे नाही. मला भिंतीवर चढवायला आलेल्या कामगारालाही त्यांनी बाजूला सारले. "सोड. भार कुठे आहे ते माझ्या हाताला कळू दे."

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. थोरला मुलगा, ताई आणि धाकटा या तिघांचे माझ्यावाचून पान हलत नसे. सामना असला की मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे आमच्या खोलीत. रिमोटवरून रोज हाणामारी. मग तिघांच्या हातात फोन आले. मग तिघांची तीन घरे झाली. आई गेली तेव्हा बाबांची धाकटी बहीण सोबतीला राहायला आली. ती मुलांची आत्या. तिचे स्वतःचे असे कोणी नव्हते आणि घरही नव्हते. एका पावसाळ्यात कडाडून वीज पडली आणि माझ्या दोन पोर्टांपैकी एक जळाले. कोणाच्या लक्षातही आले नाही. एक उरले होते, तेवढ्यावर भागत होते.

मग बाबांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. डोके शाबूत राहिले, कान शाबूत राहिले, डावा हात शाबूत राहिला. त्यांची खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवली गेली. त्यांना पाणी दुसऱ्याने द्यायचे, कूस दुसऱ्याने बदलायची, चष्मा दुसऱ्याने पुसायचा. दिवसभरात स्वतःच्या हाताने करता येईल असे एकच काम उरले होते. डाव्या अंगठ्याने माझा चॅनेल बदलणे.

तेही गेले. केबलवाला आला आणि जिन्यातून तार गुंडाळत म्हणाला, "आता केबल कोण बघतं, आत्या? नेट घ्या, एखादा प्लेअर लावा. सगळं जग घरात."

त्या संध्याकाळी आत्याने फोन उभा करून ठेवला आणि तिन्ही मुलांची बैठक भरली. विषय, बाबांसाठी कोणता प्लेअर घ्यायचा. प्लेअर म्हणजे नेटवरचे कार्यक्रम माझ्या पडद्यावर आणणारी डबी.

थोरला म्हणाला, "घ्यायचा तर चांगला घ्या. चित्र चौपट स्पष्ट दिसतं असा येतो. मी वापरतोय."

ताई म्हणाली, "स्पष्ट चित्र काय चाटायचंय, दादा? त्यांना बटणं जमणार आहेत का? बोलून चालणारा घ्यायचा. रिमोटपाशी नुसतं बोलायचं."

आत्या मध्येच म्हणाली, "अगं, पण बोलायचं कुणी?"

"म्हणूनच तर, आत्या! डॉक्टर म्हणालेत ना, बोलायला लावा. तेवढाच सराव."

धाकटा जेवत होता. तो म्हणाला, "माझ्याकडे एक पडलाय. नेटच्या जोडणीबरोबर फुकट आलाय. पाठवू का?"

"फुकटातलं बाबांना?" थोरला म्हणाला. "शोभतं का?"

बाबा खुर्चीत बसून हे सगळे ऐकत होते. फोन त्यांच्याकडे कोणी वळवला नाही.

त्या बैठकीत ठरले काहीच नाही आणि आठवडाभरात तीन खोकी आली. थोरल्याचा काळा, चौकोनी, वजनदार डबा. ताईची पेनाएवढी स्टिक, तिच्या रिमोटवर मुख्य बटण एकच, बोलण्याचे. आणि धाकट्याचा पांढरा प्लॅस्टिकचा प्लेअर, खोक्याशिवाय, पिशवीत गुंडाळलेला.

आधी थोरल्याचा लावला. चौपट चित्र दाखवायला माझ्या अंगात तेवढे ठिपकेच नाहीत, त्यामुळे फरक शून्य. रिमोटला बटणे नव्हती, नुसता गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावर बोट फिरवायचे. बाबांचे बोट घसरे आणि चित्रांच्या रांगा भलतीकडे धावत. मग ताईची स्टिक लागली. आत्याने रिमोट बाबांच्या तोंडाशी धरला. बाबांनी सगळा जोर लावला. घशातून एक घरघर निघाली. पडद्यावर ओळ उमटली, 'समजले नाही, पुन्हा सांगा.' बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. तीच ओळ. तिसऱ्यांदा त्यांनी मान फिरवली.

शेवटी आत्याने धाकट्याचा प्लेअर लावला, रिमोट बाबांच्या डाव्या हातात ठेवला आणि ती कुकर लावायला गेली. तिने शिकवले वगैरे काही नाही, तिला वेळच नव्हता. त्या रिमोटला रबराची मोठी, फुगीर बटणे होती. खाली, वर, आजूबाजूला आणि मधोमध एक. बाबांनी ती अंगठ्याने चाचपली. खाली, खाली, उजवीकडे, मधले. चुकले. मागे आले. पुन्हा. क्रेनच्या दांड्या त्यांनी याच हाताने ओढल्या होत्या.

दुपारी त्यांना एक माहितीपट सापडला. खाडीवर पूल बांधत होते. पुलाचा अवजड तुकडा दोन क्रेन मिळून उचलत होत्या. तुकडा अधांतरी लोंबकळत असताना बाबांनी मधले बटण दाबले. चित्र थांबले. त्यांनी बराच वेळ दोर पाहिले, आकडे पाहिले, तुकड्याचा झुकाव पाहिला. मग चित्र सोडले. तुकडा एका बाजूला कलला, माणसे ओरडत पळाली आणि बाबा हसले. आत्या स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटले ठसका लागला.

"दादा, हसतोयस?" ती दारातच बसली. "अरे, हसतोयस तू!"

मित्रांनो, मी अनेक अंतिम सामने दाखवले आहेत, पण या घरात माझा इतका मान कधी झाला नव्हता.

रीतसर पाहता इथे प्लेअर निवडून झाला होता. निवडणाऱ्याने स्वतःच्या हाताने निवडला होता. फक्त त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून ती निवड धरली गेली नाही.

त्यानंतर थोरला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा त्याची नजर आधी माझ्याखाली गेली, मग बाबांकडे. "माझा कुठंय?"

आत्या म्हणाली, "आहे ना, कपाटात. तुझ्या बाबांना हा बरा पडतो."

"एवढा महागाचा आणला तो कपाटात ठेवायला?" त्याने पांढरा प्लेअर उपसला, स्वतःचा डबा जोडला, बाबांच्या खुर्चीशेजारी उभा राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. फोटोत माझ्याखालचा डबा व्यवस्थित दिसत होता. तासाभरात ताईचा फोन आला. "आत्या, माझी स्टिक आवडली नाही का गं बाबांना? तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही." आवाजावरून तिला पुरेसे वाईट वाटलेले होते.

दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला असे फोन झेपत नाहीत. तेव्हापासून जो येणार त्याचा प्लेअर आत्या आधीच लावून ठेवू लागली. थोरला येणार, डबा जोड. ताई येणार, स्टिक खोच. माणूस जिना उतरला की पुन्हा पांढरा. धाकटा फारसा यायचा नाही आणि आला तरी आपला प्लेअर त्याला ओळखू आला नसता.

थोरला येऊन जाईपर्यंत बाबा गुळगुळीत रिमोट मांडीवर घेऊन बसत. ताई येऊन जाईपर्यंत पडद्यावरची 'समजले नाही' ही ओळ वाचत. ताई दर वेळी म्हणे, "प्रयत्नच करत नाहीत." फोटोत मात्र ते छान दिसत.

या उपसाउपशीत माझे पोर्ट झिजत होते. ते आतल्या पट्टीला नुसते कथिलाने डाखलेले असते, स्क्रूने आवळलेले नसते. डब्याची जाड तार खाली लोंबे आणि त्याला खाली ओढी. आधी चित्र अधूनमधून गुलाबी होऊ लागले, मग लुकलुकू लागले. आत्याने तारेखाली पुठ्ठ्याची घडी खोचली. बाबांना मात्र कळले होते. लोंबता भार सांध्याला काय करतो हे त्यांना ठाऊक होते. एकदा आत्या तार काढायला वाकली तेव्हा त्यांनी तिचे मनगट पकडले आणि सोडले नाही.

आत्या तशीच वाकून उभी राहिली. "कळतंय रे, दादा," ती म्हणाली. "पण थोरला निघालाय. सोड." त्यांनी सोडले.

रविवारी बाबांचा वाढदिवस होता आणि तिघेही एकदम आले. आत्याचा हिशेब इथे संपला. कोणाचा लावावा हे न सुचून तिने पांढराच राहू दिला. बाबा पुलाचा पुढचा भाग पाहत होते. रिमोट डाव्या हातात होता.

"हे अजून आहे होय!" थोरला म्हणाला.

"काय आहे?" धाकट्याने विचारले.

"तुझं फुकटचं."

"राहू द्या ना, मग. चालतंय तर."

"आज निदान चित्र तरी नीट दिसू दे, वाढदिवस आहे," म्हणत थोरल्याने पांढरा उपसला आणि डबा खोचला. ताई म्हणाली, "मग माझी एकदा लावून बघ, जुनी गाणी नुसती मागितली की लागतात." तिने डबा उपसून स्टिक खोचली. थोरल्याने पुन्हा डबा खोचला. थोरला म्हणाला, "बाबांच्या हातात माझा रिमोट दे."

ताईने पांढरा रिमोट ओढला. तो सुटेना. बाबांनी मूठ आवळली होती.

"बघ, बोटं कशी आखडलीत," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "झटक्याचा हात ना. हळूच सोडव हं, दादा, मोडतील."

थोरल्याने एकेक बोट उलगडले. प्रेमाने, जपून. आत्या दारातून पाहत होती. तो डावा हात होता. डाव्या हाताला कधीच काही झाले नव्हते.

त्याच क्षणी घाईत अर्धवट टेकवलेला डबा घसरला, त्याची तार हिसकली आणि पोर्ट आत तुटले. सव्वाअकरा.

"तुझ्या स्टिकनं ढिलं केलं."

"तुझा तो धोंडा लटकतोय तिथे!"

"मी तर काही लावलंच नाही," धाकटा म्हणाला, आणि ते खरे होते. मग सगळे जेवले. बाबांनी तोंड उघडले नाही. वाढदिवस आहे म्हणून आत्याने आग्रह केला, तोही फुकट गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे यंत्र निवडायची वेळ येईल. चित्र किती स्पष्ट, वेग किती, हे जरूर पाहा. पण ते ज्याच्या हातात जायचे त्याला आधी विचारा. तो बोलू शकत नसेल तर थोडा वेळ त्याच्याजवळ बसा आणि त्याचा हात काय करतो ते पाहा. माझ्यासारख्या यंत्रांची काळजी नंतर घेतलीत तरी चालेल.

सोमवारी दुरुस्तीवाला आला. मला उतरवून त्याने पाठ उघडली, म्हणाला पट्टी नवी मिळत नाही, डाखून बघतो, टिकेल का सांगता येत नाही. "करू का?" आत्या म्हणाली, "मुलांना विचारते." मुले नव्या टीव्हीवर चर्चा करत आहेत. थोरल्याला मोठा हवा आहे, ताईला बोलून चालणारा. धाकट्याने लिहिले आहे, तुम्ही ठरवाल ते.

मी सध्या जमिनीवर, भिंतीला टेकून, बाबांच्या खुर्चीसमोर आहे. पांढरा रिमोट घरात नाही. रविवारच्या आवराआवरीत तो कोणाच्या तरी पिशवीत किंवा खिशात गेला. आज सकाळी आत्याने ग्रुपवर लिहिले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "दादाचा रिमोट कोणाकडे गेलाय? तो सारखा शोधतोय. आणि डाखायला हो म्हणू का?"

संदेश तिघांनी वाचल्याच्या खुणा दुपारीच आल्या. संध्याकाळचे सहा वाजले आहेत. उत्तर आलेले नाही.