खालून वाचलेली यादी

टेम्पो गोदामाच्या फाटकाबाहेर उभा करून ड्रायव्हरने अर्ज स्टिअरिंगवर ठेवला, खाली टणक काहीतरी हवं म्हणून चलनबुक सरकवलं आणि पेनाचं टोपण दातात धरलं. शेजारी त्याचा जोडीदार मान लांब करून बघत होता. त्याला गोदामात सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता आणि तरी कपाटाचं एक टोक धरून तीन मजले हूं की चूं न करता चढायचा.

"जरा सावकाश लिही," पैलवान म्हणाला. "तुझं अक्षर बघून त्यांना वाटेल, पोरीला डॉक्टरच व्हायचंय."

"गप बस. खाडाखोड चालत नाही यात."

अर्जावर पाच चौकटी होत्या. आठवीनंतरच्या एकेका विषयाच्या सरकारी शाळांपैकी कोणत्या पाच हव्यात ते क्रमाने भरायचं होतं आणि तेही पालकाच्या हस्ताक्षरात. परीक्षा होऊन गेली होती. मुलीचे गुण इतके चांगले होते की पहिल्या चौकटीत जी शाळा पडेल ती तिला मिळणारच, असं तिच्या वर्गाच्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं. म्हणजे चौकटी पाच असल्या तरी घोडं अडलं होतं ते एकाच चौकटीपाशी.

मुलीने वहीचा चौकटीचा कागद फाडून त्यावर पाच ओळी लिहून दिल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर शाळेचा सांकेतिक क्रमांक. सगळ्यात वर नकाशे आणि जमीनमोजणी. त्याखाली छपाई, बागशास्त्र, आरोग्यसेवा. सगळ्यात खाली सायन्स.

ड्रायव्हरने खालून सुरुवात केली. सायन्सचा क्रमांक पहिल्या चौकटीत उतरवताना त्याला हायसं वाटलं.

यादी खालून वाचायची, यात त्याला काही वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. गोदामातून मिळणाऱ्या यादीत जो माल आधी उतरवायचा तो वर असतो आणि शेवटचा खाली. भरताना मात्र शेवटचा माल आत पार भिंतीशी जायला हवा, म्हणून भरणारा माणूस यादीला खालूनच भिडतो. ही सवय त्याच्या हाडीमासी इतकी खिळली होती की लग्नानंतर वर्षभरातच बायकोने हात टेकले. तीही आधी करायचं काम यादीत तळाला लिहू लागली, आणि मुलगी तर तसंच बघत लहानाची मोठी झाली. एकदा मेव्हणा मदतीला आला आणि कामांची यादी घेऊन सरळ वरून करत सुटला. सगळी कामं आटोपून तळाच्या दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टर कुलूप लावून जेवायला गेले होते. त्या घरात तेव्हापासून मेव्हण्याला कोणी यादी देत नाही.

बाकीच्या चार चौकटी भरून त्याने खाली सही केली. नकाशांचा क्रमांक पाचव्या चौकटीत गेला होता.

"काय, सायन्स ना?" पैलवानाने विचारलं.

"सायन्स. तिनेच लिहून दिलंय," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याला लपवता येईना इतकं हसू आलं.

कारण धाकधूक होतीच. दोन महिन्यांपूर्वी मुलगी जेवता जेवता म्हणाली होती, "बाबा, नकाशे आणि मोजणीची पण शाळा आहे." तो म्हणाला होता, "नकाशे काढायला शाळा कशाला लागते? तू काढतेसच की." हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती टेम्पोत बरोबर यायची आणि जुन्या चलनांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रस्ते काढायची. कोणती कमान बुटकी आहे, कुठल्या बोळात टेम्पो वळत नाही, कुठे दुपारी शाळा सुटते. ते कागद समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेत खोचलेले असत आणि त्यांच्यावाचून ड्रायव्हरचं पान हलत नसे. त्या दिवशी तो तसं म्हणाल्यावर तिने पुन्हा विषय काढला नव्हता. पोस्टात टपाल वेगळं करण्याच्या नोकरीवरून थकून आलेल्या बायकोने काल रात्री एवढंच म्हटलं होतं, "तिला लिहू दे. तू नुसता भर." म्हणून त्याने मुलीला सांगितलं होतं, तुला वाटेल त्या क्रमाने लिहून दे, मी मधे बोलणार नाही.

आणि तिने सायन्स तळाला लिहिलं होतं. म्हणजे सगळ्यात आधी.

अर्ज प्रवेश कार्यालयाच्या खिडकीत देऊन पोचपावती घेतली आणि परत येऊन माल भरताना त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादमाने हातातलं रजिस्टर खाली ठेवून त्याचा हात हातात घेतला. या गोदामातल्या कोणाचंही पोर त्या शाळेत गेलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने पावती मुलीपुढे धरली. तिने ती उभ्यानेच वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

"बरोबर आहे ना?"

"तुम्हाला बरोबर वाटलं ना?"

"मला तर वाटलंच."

"मग झालं," ती म्हणाली, पावतीची नीट घडी घालून आईच्या कागदांच्या डब्यात ठेवली आणि ताटं घ्यायला गेली. पोरगी शहाणी आहे, उगाच नाचत नाही, असं ड्रायव्हरला वाटलं.

*

शुक्रवारी दुपारी तीन दारांचं कपाट घेऊन ते निघाले होते. पत्ता कालव्यापलीकडचा होता, म्हणून ड्रायव्हरने सिग्नलला थांबल्यावर झडपेतून कालव्याच्या भागाचा कागद ओढला. त्याच्याबरोबर, अर्ज भरल्यावर तिथेच खोचलेली मुलीची शाळांची चिठ्ठीही मांडीवर पडली.

कालव्याच्या कागदावर रस्त्यांची यादी होती. रस्त्याची यादी मात्र वरून खाली असते, कारण रस्ता जसा येतो तसा जायचा असतो. एकदा सवयीने ड्रायव्हरने तीही खालून वाचली होती आणि एका बाईंचा सोफा भलत्याच काठावर नेऊन तासभर लोकांची दारं वाजवत बसला होता. तेव्हापासून मुलगी रस्त्याच्या यादीवर उजव्या कोपऱ्यात एक छोटा बाण काढायची, खाली टोक केलेला. बाण दिसला की वरून वाचायचं. मालाच्या आणि घरकामाच्या यादीवर बाण नसायचा.

चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात बाण होता. मुंगीएवढा, पेन्सिलीने काढलेला.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता. ड्रायव्हरने टेम्पो पुढे घेतला आणि कडेला उभा केला.

"काय रे?" पैलवान म्हणाला.

त्याने दोन्ही कागद त्याच्या हातात दिले. पैलवानाने एकदा हा, एकदा तो असे पाहिले. त्याने त्या बाणावर विसंबून इतकी कपाटं पोचवली होती की समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"आयला," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "पावतीवर काहीतरी होतं ना, दुरुस्तीचं?"

"शुक्रवार. पाचपर्यंत."

"आज शुक्रवार."

"कळतंय मला."

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. हे कोणालाही कळणार नव्हतं. मुलीला वाटत असणार की त्याने बाण पाहिला आणि तरी उलटं भरलं. तिने ते गिळलंही होतं. मग झालं, म्हणाली होती. सायन्सनंतर पुढे काहीही करता येतं. चार वर्षांनी तीच म्हणेल, बाबा, बरं झालं. मुकादमाने हात हातात घेतला होता. टेम्पोत माल सरकवावा तसं एकेक कारण बरोबर बसत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाही, चूक आपल्याच पथ्यावर पडली याचं बरंही वाटत होतं, त्याची आणखी लाज वाटली.

त्याने घड्याळात पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कपाट चारपर्यंत पोचवतो म्हणून सांगितलंय," पैलवान समोर बघत म्हणाला. "पण कपाट काय, कुठे पळून जात नाही."

ड्रायव्हरने टेम्पो वळवला.

खिडकीत बसलेला कारकून सरळ होता. दुरुस्तीचा अर्ज त्याने लगेच काढून दिला, पण सहीच्या दोन रेघा दाखवल्या. एक पालकाची आणि एक विद्यार्थ्याची. "मुलगी कुठेय?" त्याने विचारलं. "तिच्या सहीशिवाय क्रम बदलत नाही. मागे एका वडिलांनी गुपचूप बदलला होता, तेव्हापासून."

शाळेच्या फाटकापाशी निरोप दिल्यावर मुलगी दप्तरासकट धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सगळे बरे आहेत. बस आत."

पैलवान दार उघडून खाली उतरला. "दोऱ्या बघून येतो," तो म्हणाला. दोऱ्या त्याने स्वतःच आवळल्या होत्या.

ड्रायव्हरने चिठ्ठी चलनबुकावर ठेवून तिच्यापुढे धरली.

"ही रस्त्याची यादी होती ना?"

तिने बाणाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"मी खालून वाचली," तो म्हणाला. "मुद्दाम नाही. बाण दिसलाच नाही मला. आज दिसला."

"मला वाटलं, दिसला."

"आणि तरी उलटं भरलं, असं?"

तिने मान डोलावली.

"आणि तू गप्प बसलीस चार दिवस."

"तुम्ही किती खूश होता, बाबा."

मागे पैलवान कपाटाच्या दारावर उगाचच थापट्या मारत होता. ड्रायव्हरने घसा खाकरला. त्याला थोडा रागही आला होता आणि तो कोणाचा ते कळत नव्हतं, म्हणून त्याने तो चिठ्ठीवर काढला.

"अगं, पण एवढी महत्त्वाची चिठ्ठी. समोर एक, दोन, तीन घालायला काय झालं होतं? बाण तो केवढा, तोही पेन्सिलीने. बाईंनी सांगितलं नव्हतं का नंबर घालायला?"

"सांगितलं होतं. सगळ्यांनी घातले."

"मग?"

ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"तुम्हाला खालून वाचावीशी वाटली, तर वाचता यावी म्हणून."

ड्रायव्हरने खिशातलं पेन काढलं. टोपण दातात धरलं. चलनबुक स्टिअरिंगवर टेकवून त्याने चिठ्ठीतल्या सगळ्यात वरच्या ओळीसमोर एकचा आकडा घातला. इतका दाबून, की खालच्या चलनावर उमटला असावा. छपाईसमोर दोन. बागशास्त्रासमोर तीन. आरोग्यसेवेसमोर चार. पाचव्या ओळीपाशी त्याचा हात जरा थांबला, पण तिथेही त्याने आकडा घातला.

"सायन्स अगदी पाचवं का गं?" टोपण दातात तसंच ठेवून त्याने विचारलं. "बागकामाच्याही खाली?"

"मला बेडूक नाही कापायचा, बाबा."

"हं," तो म्हणाला. ते त्याला पटण्यासारखं होतं.

दुरुस्तीचा अर्ज त्याने तिथेच भरला. चिठ्ठी शेजारी होती. मुलगी बोट ठेवून एकेक क्रमांक वाचत होती, वरून खाली. तिने सही केली. तिची सही त्याने पहिल्यांदाच पाहिली. नावाखाली तिने एक बारीक सरळ रेघ ओढली होती.

खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. कारकुनाने अर्ज तपासला आणि एका रिकाम्या रेघेवर बोट टेकवलं.

"बदलाचं कारण राहिलंय."

ड्रायव्हरने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'यादी खालून वाचली.'

कारकुनाने चष्मा वर केला. "म्हणजे काय?"

"ते माल भरतात," मुलगी म्हणाली.

कारकुनाने दोघांकडे पाहिलं, मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर पैलवान टेम्पोत मधल्या जागेवर सरकून बसला होता, खिडकीची जागा मुलीसाठी सोडून. "झालं?" त्याने विचारलं. कोणी उत्तर देण्याआधीच त्याने ओळखलं आणि तो म्हणाला, "मुकादमाला मी सांगतो हवं तर."

"मी सांगेन," ड्रायव्हर म्हणाला.

सोमवारी काय सांगायचं, याची त्याला अजून नीट जुळवाजुळव करता येत नव्हती. मुकादम विचारणार, मोजणी म्हणजे काय. त्यालाही ते धड ठाऊक नव्हतं. तिलाच विचारायला हवं होतं. त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि झडपेत, रस्त्यांच्या कागदांमध्ये खोचली.

"कालव्यापलीकडे जायचंय," तो म्हणाला. "आधीच उशीर झालाय. कसं घेऊ?"

मुलीने कागद काढला नाही. काचेतून पुढे बघत ती म्हणाली, "सरळ घ्या. कमानीच्या आधी डावीकडे. कमानीखालून आपण जाणार नाही."

ड्रायव्हरने कमानीच्या आधी टेम्पो डावीकडे वळवला.