शिंप्याचा आखूड पाय

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव माझ्याही ओठांवर आहे. पण आजची गोष्ट देवाच्या नावावर दुकान मांडणाऱ्याची.

सभागृह माणसांनी गच्च भरलं होतं. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी कंबरेला पट्टा आवळून. मंचावरच्या बाकावर शिंपी उताणा पडला होता. घाईत गळ्यातली टेपही काढायची राहिली होती. बायको गेली आणि त्याची पाठ धरली. आता बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. पाय खेचून दुखणी काढणाऱ्या खेचूबाबांनीही हात टेकले, तर जगायचं कसं आणि कशाला, हेच त्याला कळत नव्हतं.

खेचूबाबांनी त्याच्या टाचा धरल्या. "बघा हो बघा! उजवा पाय बोटभर आखूड! बेटा, दुखणं कधी लागलं?"

"बायको गेली तेव्हापासून, बाबा."

"आणि तेव्हाच घरात कोण आलं?"

शिंप्यानं मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिलं. "ताई. थोरली बहीण. मला सांभाळायला."

"सांभाळायला की गिळायला? हुं... फट्... सोड त्याला!" बाबांनी हिसका दिला. पाय सारखे! टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंपी उठला, चार पावलं चालला आणि रडू लागला. पाठ खरंच हलकी झाली होती.

"हा आराम टिकवायचाय ना? मग तिला आजच बाहेर काढ."

पहिल्या रांगेत ताई त्याच्या पाठीला लावायची उशी छातीशी धरून बसली होती. तिला दुसरं घर नव्हतं. शिंप्यानं मान खाली घातली.

"जाते रे मी," ती उठत म्हणाली. "तू बरा हो म्हणजे झालं. जेवण झाकून ठेवलंय."

ती दाराशी पोचते तोच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मंचावर चढल्या. "काका, जन्मभर लोकांच्या विजारी बेतल्यात. स्वतःचा पाय मोजलात कधी? झोपा परत. बाबा, करा बरं आखूड!"

"नास्तिकांसमोर शक्ती चालत नाही!"

"मग मीच करते." त्यांनी दोन्ही टाचा धरून पाय हळूच त्याच्या डावीकडे सरकवले. उजवा आखूड! गर्दी हादरली. बाईंनी त्याच्याच टेपेने कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत एकेक पाय मोजला. माप तेच. पाय सरळ आणले, टाचा जुळल्या. "झाला चमत्कार! पाय तिरके धरले की एक आखूड दिसतो, सरळ केले की जुळतात. यात मंत्र कुठे लागला?"

"पण मला बरं वाटलं ना!" शिंपी कळवळला. "तेही खोटं?"

"नाही हो. दुखणं खरं, बरं वाटणंही खरं. आशेनं भीती सुटली की आवळलेली पाठ घटकाभर सैल पडते. पण झोपता कधी? मशीनवरून उठता कधी?"

उत्तर दारातून ताईनं दिलं. "उठतोच कुठे, बाई? विड्या फुंकत रात्रभर शिवतो. खोलीत गेलं की बायकोची रिकामी खाट दिसते."

बाई त्याच्या शेजारी बाकावर टेकल्या. "काका, दुखणं आणि ताई, दोघं एकाच दुःखामागून तुमच्या घरी आली. म्हणून काय दुखणं ताईनं आणलं? उद्या दवाखान्यात या, नीट तपासते. तोवर थोडं चाला, अधूनमधून मशीनवरून उठा, विडी सोडा. आणि रडू आलं तर रडा."

खेचूबाबा मागच्या दारानं केव्हाच पसार झाले होते. शिंप्याची पाठ पुन्हा ठणकू लागली होती. त्यानं हात पुढे केला. "ताई, उठव गं मला. चालतच घरी जाऊ."

मंडळी, पाठ धरली तर देवाला जरूर हाक मारा, पण पाऊल दवाखान्याकडे वळवा. झोप, काम, मनावरचं ओझं, सगळं तपासा. फक्त दोष द्यायला माणूस शोधू नका. आणि कुणी तसा शोधून दिलाच, तर उशी छातीशी धरून दाराकडे निघालेल्या त्या ताईची आठवण ठेवा.