किल्लीवाल्याच्या खिशातला आकडा

मित्रांनो, मी एक जुना तारेचा आकडा आहे. किल्ली हरवली की कुलूप उघडायला वापरतात, तो. सायकलच्या चाकाची तार ठोकून धन्याने मला घडवलं. धनी पेशाने किल्लीवाला. जीभ गोड, हात हलका. दार आतून लागलेलं असलं की आधी टकटक करायचा, "घाबरू नका, मी किल्लीवाला," असं सांगायचा आणि मगच मला हात लावायचा. गल्लीत त्याचा भारी लौकिक होता. त्याची मुलगी तापाने फणफणली तेव्हा शेजारची शिंपीणवहिनी रात्रभर तिच्या उशाशी बसली होती.

मग युद्ध आलं. चौकीतला साहेब म्हणाला, नदीपलीकडून येऊन इथे राहिलेल्यांची घरं रिकामी करायची आहेत, पण दारं फोडली की फार बोभाटा होतो. त्याने धन्याला खुर्ची दिली, चहा दिला, 'मास्तर' म्हणाला. बंदूक दाखवली नाही की दम दिला नाही. हे नीट ऐका, कारण धनी पुढे जन्मभर सांगत राहिला की त्याचा नाइलाज होता. नाइलाज कसला डोंबलाचा! मास्तर म्हटल्यावर गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

आधी गोदामं उघडली, मग अनोळखी घरं. घरातली माणसं ट्रकमधून खाणीकडे जात आणि ट्रक रिकामे परत येत. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं, धन्यालाही. "आपण फक्त दार उघडतो," असं तो बायकोला सांगे.

एके दिवशी शिपाई शिंपिणीच्या दाराशी थांबले. तीही नदीपलीकडचीच. आत तिची दोन पोरं होती. मी धन्याच्या खिशात होतो. त्याने मला कुलपात घातलं की मोडून तिथेच अडकायचं, असं मी ठरवलं होतं. पण माझी गरजच पडली नाही. त्याने नेहमीसारखी टकटक केली.

"भाऊजी, तुम्ही आहात?"

"हो वहिनी, मीच. उघडा."

तिने कडी काढली.

संध्याकाळी तो पोटभर जेवला. बायकोने पान वाढलं, पण स्वतः जेवायला बसली नाही. तेव्हा तो म्हणाला, "मी नसतो गेलो तर दुसरा कोणी गेला असता."

मित्रांनो, दुसऱ्या कोणाला तिने दार उघडलं नसतं.

माझा संताप अजून शमलेला नाही. मला घासूनपुसून ठेवू नका, गंजलो तरी चालेल. जपायचाच असेल तर तुमचा आवाज जपा. तो ऐकून कोण बिनघोर कडी काढतं, तेवढं ध्यानात ठेवा.