हात न लावता

“खुर्चीला हात लागला,” सूनबाई म्हणाल्या. “हे उठणं धरायचं नाही, आबा.”

आबा पुन्हा बसले. खरं तर कोपर लागलं होतं. पण कोपर हाताचाच भाग की नाही, यावर सूनबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले, पावलं मागे ओढली आणि कण्हत का होईना, उभे राहिले.

“अरे वा!” मुलाने टाळी वाजवली. “वाघ आहात, आबा!”

खुब्याचं हाड मोडल्यापासून या वाघाला उचलून बसवावं लागे. उचलता उचलता सूनबाईंची कंबर आखडली. एकदा भिंतीपलीकडून “असं अजून किती दिवस?” एवढंच ऐकू आलं, आणि आबांनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना स्वतःहून बोलावणं धाडलं. आपण कुणाला जड झालो नाही, तर ही खोली आपल्याला राहील, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मग घोट्यांना वाळूच्या पट्ट्या आल्या, त्या हळूहळू जड होत गेल्या. मुलगा ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारी, “आज कितपत जमलं?” हाड मोडलं तेव्हाही त्याने इतकी चौकशी केली नव्हती. आबांना गहिवरून येई. सूनबाई फीत आणून त्यांची मांडी मोजत. एकदा फीत हातात होतीच, म्हणून त्यांनी खोलीची खिडकीही मोजली.

रविवारी गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई आल्या.

“आबा, यांना दाखवा ना जरा,” मुलगा म्हणाला.

आबांनी केस विंचरूनच ठेवले होते. ते उठले, बसले, आणि कुणी न सांगता पुन्हा उठले.

“छान!” बाई मुलाला म्हणाल्या. “उचलावं लागणाऱ्यांना आमच्या वृद्धाश्रमात जागा नसते. हे स्वतः उठतात, त्यामुळे खोली मिळेल. फक्त परत एकदा बघते हं. तुम्ही जरा लांब व्हा. कधीकधी घरचेच मागून आधार देतात.”

आबा खुर्चीत टेकले ते टेकलेच. सूनबाई फीत गुंडाळू लागल्या. ती आधीच गुंडाळलेली होती.

आता नुसतं बसून राहायचं होतं. इतका सोपा व्यायाम त्यांना आजवर कुणी दिला नव्हता.

“आबा,” मुलगा हळूच म्हणाला, “उठा ना.”

लहानपणी शाळेच्या स्टेजवर नाव पुकारलं की, आबा पहिल्या रांगेत आहेत ना, हे बघताना व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

आबांनी पावलं मागे ओढली. दोन्ही हात छातीशी घेतले.

“कोपराकडे लक्ष ठेवा हं,” ते सूनबाईंना म्हणाले, आणि उठले.