मीठ घातलेलं दूध

डोंगरावर ऊन यायच्या आधीच सबायना हेशन विहिरीच्या कडेला जाऊन बसली होती. पाणी भरायला नव्हे, पहारा द्यायला. मे महिन्याचा पहिला दिवस होता. या पहाटे जी बाई विहिरीतलं अगदी वरचं पाणी सगळ्यात आधी उचलून नेते, तिच्या घरी वर्षभर अख्ख्या वाडीचं लोणी जातं, हे त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेल्या वर्षी याच पहाटे सबायनानं शेजारच्या विनी मॅनियनला इथून बादली नेताना पाहिलं होतं. त्यानंतर सबंध उन्हाळाभर सबायनाच्या पिंपात धड लोणी आलं नाही. तीन-तीन तास घुसळावं, खांदे भरून यावेत आणि वर नुसता फेस!

"बाईनं बादली घेऊन विहिरीवर जायचं नाही तर काय चर्चात जायचं?" नवरा कोलमन म्हणाला होता.

"त्याच दिवशी? उजाडायच्या आत?"

"तू काय करत होतीस मग तिथं, उजाडायच्या आत?"

यावर सबायनानं फणकाऱ्यानं पाठ फिरवली होती. पण कोलमननं एक गोष्ट गंभीरपणे सांगून ठेवली होती. यंदाही लोणी आलं नाही, तर ऑगस्टच्या जत्रेत ड्रिमिनला विकून टाकायचं. पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या त्या गायीला सबायनानं वासरू असताना स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला वाढवलं होतं. विकायचं नाव निघालं की ती उठून गोठ्यात जायची.

म्हणून यंदा तिनं कसूर ठेवली नव्हती. आदल्या संध्याकाळी उंबऱ्यावर पिवळी रानफुलं पसरली, नजर लागू नये म्हणून गोठ्याच्या दाराला रोवनच्या झाडाची डहाळी बांधली आणि कोलमनला काटेरी झुडपांचे दोन जाळ करायला लावून ड्रिमिनला त्यांच्यामधून हाकललं. कोलमनचा आजा असंच करायचा, त्याचा आजाही. इथं पहिलं चर्च उभं राहिलं त्याच्याही आधीपासून उन्हाळा याच दिवशी सुरू व्हायचा आणि गुरं दोन जाळांमधूनच डोंगरावर जायची, असं म्हातारे सांगत. फादर दरवर्षी या प्रकारावर यथेच्छ तोंडसुख घेत. त्यांची स्वयंपाकीण मात्र, घरची बरकत जाईल या भीतीनं, या दिवशी दुपारचे बारा वाजेपर्यंत दाराबाहेर ना थेंबभर दूध जाऊ देई, ना निखारा.

विहिरीवर कुणी फिरकलं नाही. सबायना समाधानानं घरी आली, गाय पिळली आणि बादली टेबलावर ठेवते न ठेवते तोच खालचीच फळी लावलेल्या अर्ध्या दारावर विनीचं डोकं दिसलं.

"सबायना, थोडं दूध देतेस? कपभर पुरे."

ना दुसऱ्याच्या दुधाला नजर लागू नये म्हणून म्हणायचं 'देव गायीचं भलं करो', ना हवापाण्याची गोष्ट. शालीखाली डबा धरलेला. डोळे लाल, रात्रभर जागल्यासारखे. सबायनानं बादली स्वतःकडे ओढली.

"आज?"

"आज."

"कशाला गं?"

विनीनं नजर खाली घातली. "चहाला."

"जन्मभर काळा चहा पीत आलीस की."

"आज इच्छा झाली. आमची गाय अजून व्यायची आहे, नाहीतर आले असते का?"

खोटं बोलते आहे, सबायना मनात म्हणाली. धडधडीत खोटं. पण दारात आलेल्या शेजारणीला तोंडावर नाही म्हणायचं तर जीभ रेटेना. यावर जुन्या बायकांची एक तोड होती. आज दूध द्यायचीच वेळ आली तर त्यात चिमूटभर मीठ टाकावं, म्हणजे दूध गेलं तरी कस घरात राहतो. विनीकडे पाठ करून सबायनानं डबा भरला आणि मिठाच्या खोक्यात हात घातला. तिला चिमूट पुरेशी वाटेना. तिनं मूठभर टाकलं आणि बोटानं ढवळलं.

विनीनं डबा घेतला आणि चक्क पळत सुटली. पंचावन्न वर्षांची बाई!

आता ही दूध आपल्या पिंपात ओतणार, याबद्दल सबायनाला शंकाच उरली नाही. रंगेहाथ पकडायला ती दगडी गडग्याआडून मॅनियनांच्या मागच्या खिडकीपाशी गेली आणि जागच्या जागी थबकली. आत तान्हं मूल रडत होतं. अगदी बारीक, थकलेल्या आवाजात.

खाटेवर विनीची लेक डेलिया पडली होती, तापानं लाल झालेली. दोन वर्षं ती गॉलवे शहरात मोठ्या घरी कामाला होती. ती परत आल्याचं वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं लग्नही झालेलं नव्हतं. विनी चुलीजवळ बसून, दुधात कोमट पाणी मिसळून चमच्यानं बाळाला पाजत होती. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, थुंकलं आणि किंचाळलं. विनीनं पुन्हा चमचा लावला. पुन्हा तेच. मग तिनं स्वतःचं बोट बुडवून चाखलं.

"काय झालं, आई?"

"खारट आहे."

"खारट? कुणी दिलं?"

"सबायनानं." विनीनं डबा खाली ठेवला. "आज मेचा पहिला दिवस ना, पोरी. मीही मीठ घातलं असतं. पण एवढं नसतं घातलं."

सबायनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घरी आली आणि तिनं दुधाची बादलीच उचलली.

"अगं ए, बारा वाजायचेत अजून!" कोलमन ओरडला. "ड्रिमिनला विकायची वेळ आली तर मला बोलायचं नाही!"

"नाही बोलणार," ती म्हणाली. तिचे पाय थांबले नाहीत.

वाटेवरच्या प्रत्येक अर्ध्या दारात एकेक बाई उभी होती. आजच्या दिवशी भरली बादली घराबाहेर निघालेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"कुठं गं एवढं दूध?" एकीनं विचारलंच.

"चहाला," सबायना म्हणाली आणि पुढं गेली.

विनीनं दार वीतभर उघडलं आणि ते अडवूनच उभी राहिली. बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"मीठ नाही घातलं," सबायना म्हणाली.

विनीनं तिच्याकडे पाहिलं. मग फटीतून हात बाहेर काढून बादलीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. दुसऱ्यांदा बुडवलं, पुन्हा चाखलं.

"देव गायीचं भलं करो," ती म्हणाली. तिनं दार थोडं आणखी उघडून बादली आत ओढून घेतली आणि ते लावून घेतलं.